डोहातलं बी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घाटावरचे की घाटाखालचे?" चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाट उतरला की जमीन बदलते, बोली बदलते, भाजीतलं तिखटही बदलतं. नद्यांचंही तसंच आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा घाटावरून पूर्वेला जाते, वर्धेला मिळते आणि शेवटी प्राणहितेतून गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे. आमची नळगंगा मात्र घाट उतरून मलकापूरकडे येते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो. शाळेत भूगोल शिकवताना मी हे फळ्यावर काढून दाखवते. पण मला ते पहिल्यांदा सांगितलं माझ्या वडिलांनी. ते शाळा चौथीपर्यंतच शिकले होते.

आम्ही घाटाखालचे भोई. बाबांचं आयुष्य नळगंगेत गेलं. पावसाळ्यात जाळं, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी. १९६० च्या दशकात नळगंगेवर धरण झालं. पुढे धरणात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज पडू लागलं, संस्था आल्या, ठेके आले. बाबा धरणावरही जायचे, पण त्यांचा जीव धरणाच्या खालच्या नदीत होता. जानेवारीनंतर नदी तुटायची, पाणी ठिकठिकाणी डोहात थांबायचं. त्या डोहांचे कायदे त्यांना पाठ होते. कुठल्या डोहात जाळं टाकायचं आणि कुठल्यात नाही, हेही ठरलेलं. एक खोल डोह ते कधीच उपसू देत नसत. म्हणायचे, "थ्यातलं बी हाय. बी खाल्लं तं पुढच्या साली पेरशीन काय?"

२०१६ साली त्यांना लकवा झाला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं दोन महिन्यांनी परत आलं, तेही तुटक. मी मलकापूरला शिक्षिका. माय आधीच गेलेली, म्हणून बाबांना माझ्याकडे आणलं. दवाखाना झाला, मालिश झालं, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्यांची नदी फक्त काही कोसांवर होती, तरी तिथवर नेऊन काठावर बसवणं त्यांना नको होतं. "लोकायले काय दाखवू?" एवढंच म्हणाले. तेव्हा माझ्या मनात आलं, की बाबा नदीपर्यंत जात नसतील तर थोडी नदी घरात आणू.

माझा धाकटा तेव्हा सहावीत. त्याला काचेची टाकी म्हटल्यावर गोल्डफिश, रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या एवढंच दिसत होतं. दुकानात जाऊन तो यादी करून आला. एका टाकीत गोल्डफिश, एंजल, गप्पी आणि एक छोटी शार्क. बाबांनी पडल्या पडल्या ती यादी ऐकली. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाई, मासा पहिले पानी पायते, मंग सोबत पायते. तुम्ही रंग पाहून ऱ्हायले."

तिथून आमच्या घरात सहा महिने चाललेली एक शाळा सुरू झाली. शिकवणारे बाबा, शिकणारे आम्ही दोघं.

पहिला धडा पाण्याचा. बाबा एकदा लोणारला कमळजा देवीला गेले होते. ते परत परत सांगायचे, "एवढं मोठं पानी, अन् काठावर एकबी जाळं नाई." लोणारचं पाणी इतकं क्षारयुक्त की तिथे जाळ्याचं काम नाही. पाणी दिसलं म्हणजे मासा राहील असं नसतं. आमच्या भागात तर हा प्रश्न अंगणापर्यंत आलेला आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुऱ्याच्या कित्येक गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. बाबांची कसोटी सोपी होती. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते पाणी टाकीत घालायचं नाही. नळाचं घ्यायचं तर त्यात क्लोरीन असतं, ते मी सांगितलं. तेव्हा आम्ही नदीकाठच्या एका शेतातल्या विहिरीचं पाणी आणायचं ठरवलं आणि नळाचं पाणी लागलंच तर उघड्या बादलीत दोन दिवस ठेवायचं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी. त्यात दगड आणि रेती धरली की दोनशे किलोच्या वर भार. म्हणून विटांच्या दोन बुटक्या भिंती रचून वर शहाबादी फरशी टाकली, उत्तरेच्या ओसरीत, जिथे मे महिन्यातलं ऊन थेट येत नाही. आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. थंड पाणी मानवणाऱ्या गोल्डफिशला तो उन्हाळा काढणं जड जातं. नदीच्या डोहात तापलेलं पाणी सोसत वाढलेल्या माशाला ती सवय असते. तरी मे महिन्यात आम्ही टाकीच्या तीन बाजूंना ओलं पोतं बांधायचो.

दुसरा धडा तळाचा. रंगीत खडे आणि संगमरवराचा चुरा बाबांनी नाकारला. संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळून पाणी कठीण करतो, हे मला विज्ञानातून माहीत होतं. बाबांना ते "पानी जड होते" म्हणून माहीत होतं. आमचा काळा दगड पाण्याला काही करत नाही. त्यातले गोटे आणले. रेती मात्र सहज मिळाली नाही. ज्या नदीत बाबांनी टरबुजं पिकवली, तिथे आता खाली मातीचा थर आणि खडक. रेती ट्रॅक्टरनं गावोगावच्या स्लॅबमध्ये गेली. मुरी नावाचा बोटाएवढा मासा रेतीत अंग पुरून राहतो, फक्त डोकं बाहेर. रेती गेली तशी मुरीही गेली. तिला कोणी जाळ्यात धरून संपवलं नाही. तिचं घर गेलं. एका ओढ्याच्या वळणावर आम्हाला दोन घमेली रेती मिळाली. ती पाणी निवळ येईपर्यंत धुतली, तेव्हा बाबा ओसरीत खुर्चीवर बसून धुण्याचे फेरे मोजत होते.

मग वनस्पती. गावात सगळ्या पाणवनस्पतींना सरसकट शेवाळ म्हणतात, पण बाबा त्या हातानं ओळखायचे. मी पिशवीत आणलेली एकेक काडी ते डाव्या हातात घेत. हायड्रिला हाताला खरखरीत लागते, तिची पानं देठाभोवती गोल बसलेली. दुसरी रिबिनीसारख्या लांब पानांची, व्हॅलिस्नेरिया. तिसरी कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार, सेराटोफायलम, जिला मुळंच नसतात, ती नुसती तरंगते. बाबांच्या मते मुळं धरणारी वनस्पती मागच्या बाजूला, जिथे पाणी संथ. बिनमुळाची कोपऱ्यात, लहान पिल्लांना लपायला. आणि मधली जागा मोकळी, कारण मासा पळायला जागा मागतो. जलपर्णीची फुलं माझ्या मुलाला आवडली होती. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे आणि तलावावर पसरली की खाली ऊन पोहोचत नाही, हे मी त्याला सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "वरून झाकन लावल्यावर खालचा श्वास कसा घेईन?"

हायड्रिलाबद्दल त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की गर्दी करू नका. झाडं दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र तीही तो घेतात. दाट शेवाळाच्या डोहात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना त्यांनी पाहिलेले होते. म्हणून दर पंधरा दिवसांनी छाटणी. पुढे एका उन्हाळ्यात व्हॅलिस्नेरियाला फुलं आली. मादीचं फूल लांब देठावर पाण्याच्या वर येतं, नराची बारीक फुलं सुटून तरंगत तिच्याकडे जातात आणि मग तो देठ स्प्रिंगसारखा वळून फूल परत पाण्यात ओढून घेतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं तेव्हाच पहिल्यांदा. बाबा म्हणाले, "माह्या डोहात हे रोजचं होतं."

पाणी, रेती, झाडं लावून टाकी चार आठवडे माशांशिवाय ठेवली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. पाण्यातले आणि रेतीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंचसं निरुपद्रवी आणि झाडांना खत. ते जिवाणू वाढायला वेळ लागतो. माझा मुलगा रोज विचारायचा, "आबा, मासे कधी?" आबांचं उत्तर एकच, "नव्या इहिरीत कोनी लगेच मासा टाकते काय?"

शेवटी सोबतीचा धडा. यात बाबा कोणाचं ऐकत नव्हते. मरळ नको, कारण ती आपली पिल्लं डोळ्यात तेल घालून सांभाळते आणि दुसऱ्यांची खाते. मिशांचा शिंगटा नको, तो दिवसा दगडाखाली साधू आणि रात्री चोर. वाम टाकीत मावणार नाही. मला काचमासा फार आवडला होता. अंग इतकं पारदर्शक की आतले काटे दिसतात. बाबांनी मान हलवली. "दिसाले देवमानूस. दुसऱ्याचे खवले खुडून खाते." मी नंतर वाचलं तेव्हा कळलं, की त्या जातीच्या माशाची दुसऱ्यांचे खवले खाण्याची सवय शास्त्रज्ञांनीही नोंदवलेली आहे.

राहिले ते चार. अंगावर दोन काळे ठिपके असलेल्या छोट्या खवल्या, थव्यानं राहणाऱ्या, म्हणून दहा. एकटी खवली भेदरते किंवा दुसऱ्यांच्या मागे लागते. पाण्याच्या वरच्या अंगाला फिरणारे, कुशीवर काळी रेघ असलेले मासे, घरात त्यांना आम्ही रेघ्या म्हणायचो, ते आठ. तळाला मुरी, चार. आणि मळ्या, तीनच. मळ्याच्या तोंडाखाली चकती असते. तिनं तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याला वाहतं पाणी लागतं. "पानी पळवत नसशीन तं मळ्या आनू नको," असं बाबांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून छोटा पंप घेतला, त्याची धार एका मोठ्या गोट्यावर सोडली आणि पंप इन्व्हर्टरवर जोडला, कारण आमच्याकडे वीज विचारून जात नाही. वरचा वर, मधला मध्ये, तळचा तळाशी, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. शाळेत ज्याला आम्ही अधिवास म्हणतो, ते बाबा "ज्याची त्याची पंगत" म्हणत.

हे मासे आम्ही एप्रिलमध्ये आटत चाललेल्या उथळ डबक्यांतून आणले, जिथे पंधरा दिवसांत चिखल होणार होता. ज्ञानगंगा अभयारण्यातून काडीही उचलायची नाही आणि खोल डोहातून एकही मासा घ्यायचा नाही, ही बाबांची अट. दुसरी अट त्याहून कडक होती, की दुकानातला एकही मासा या टाकीत येणार नाही. माझ्या मुलानं कारण विचारलं. बाबा म्हणाले, "हे आपले नाई, उसने हायेत. पाऊस आला की वापस द्यायचे. दुकानातला रोग संग गेला तं?"

त्याप्रमाणे दरवर्षी नदीला पहिलं पाणी आलं की बहुतेक मासे आम्ही परत सोडायचो आणि पुढच्या उन्हाळ्यात आटत्या डबक्यातून नवे आणायचो. या फेऱ्यांत मला नदी दिसू लागली. डबक्यांत खवल्या कमी आणि चिलापी जास्त, असं दरसाल वाढत गेलं. चिलापी, म्हणजे टिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात १९५२ साली आणली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पिल्लं फार जगतात आणि वाढतात. डासांच्या अळ्या खायला विहिरींत सोडलेले गप्पीही ओढ्यापर्यंत आलेले. मुलगा चिडून म्हणाला, "आबा, या चिलापी मारून टाकायला पाहिजेत." बाबांनी त्याला गप्प केलं. "तिचा काय गुन्हा? ते आपल्या पायानं आली काय? ज्यानं आनली त्याले इचार." ते वाक्य मी विसरले नाही, कारण आपल्याकडे बाहेरच्याला दोष देणं फार सोपं असतं, मग तो मासा असो की माणूस.

याच काळात मी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाबद्दल वाचलं. भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथल्या ढीवर समाजानं, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांच्या सोबतीनं, तलावांतली बेशरम उपटली, पाणी आटल्यावर तलावाच्या पोटात नांगरट केली आणि स्थानिक पाणवनस्पती हातानं लावल्या. झाडं परतल्यावर देशी मासे आणि पक्षीही परतू लागले. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ढीवर म्हणजे आमच्यासारखेच पाण्यावर जगणारे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिले झाड लावलं ना थ्यायनं? बराबर हाय. मासा पाहुना हाय, झाड यजमान."

ऑगस्ट २०२४ मध्ये पेपरला बातमी आली, की वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारनं मान्यता दिली. भंडाऱ्याच्या गोसेखुर्द धरणातून पाणी निघणार, नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला असं करत सव्वाचारशे किलोमीटरच्या वर कालव्यानं येऊन आमच्या नळगंगेत पडणार. शेजारी पेढे वाटायच्या बेतात होते. आमच्या भागात पाणी म्हणजे काय, हे कापूस-सोयाबीनवाल्यांना विचारावं. ज्या घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला, अशी घरं माझ्या वर्गातल्या पोरांची आहेत. त्यांच्यासमोर मी माशांचं काय बोलणार?

बाबांना मी बातमी दोनदा वाचून दाखवली. वैनगंगा गोदावरीच्या कुळातली, नळगंगा तापीच्या. डोंगरानं वेगळे ठेवलेले दोन संसार आता एका पाटात येणार. दोन्हीकडचे बरेच मासे सारखेच, पण सगळे नाहीत, आणि पाण्याबरोबर फक्त मासे येत नाहीत, वनस्पती येतात, रोग येतात, तिकडची चिलापी येते. बाबा डाव्या हातानं टाकीच्या काचेवर टिचकी मारत बसले. काच वाजवलेली माशांना आवडत नाही हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, त्या दिवशी ते स्वतः वाजवत होते. मग म्हणाले, "येऊ दे. वावराले पानी पाहिजे. पन बाई, पान्यासंग कोन कोन येते, हे पाहाले कोनी बसवलं हाय काय थ्यायनं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. कालवे मोजायला अभियंते आहेत, पाणी वाटायला समित्या असतील. पण मळ्याला कुठला दगड लागतो आणि मुरीला किती रेती लागते, हे सांगणारी माणसं गावोगावच्या खाटांवर पडून आहेत आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही. एका काचेच्या टाकीत पंचवीस मासे निवडताना आम्हाला सहा महिने विचार करावा लागला, तोही एका जाणत्या माणसाला विचारून. नदीसाठी तेवढं तरी करायला हवं, इतकंच माझं म्हणणं आहे.

बाबा त्याच मार्गशीर्षात गेले. टाकी तशीच चालू आहे. गेल्या जूनमध्ये नदीला पाणी आलं, तेव्हा मासे सोडायला मुलगा एकटाच गेला. आता तो कॉलेजात आहे. परत आल्यावर म्हणाला, की मुरी सोडताना त्यानं पाण्याखाली हातानं चाचपून रेतीची जागा शोधली, कारण सगळीकडे चिखल लागत होता. एका वळणाला ओंजळभर रेती सापडली. तिथे चारही सोडल्या.